बरणीत लोणचं घालतात

बरणीत लोणचं घालतात. इतकं साधं वाक्य कधी ठासून लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत ज्या ज्या नव्या घरी चहाला गेले, तिथे दिवाणखान्यात चिनी मातीची एखादी जुनी बरणी दिसलीच, आणि तिच्यात लोणचं सोडून बाकी सगळं होतं. वाळलेलं गवत, मोरपिसं, छत्र्या. एका घरी तर बरणीच्या पोटाला भोक पाडून त्यातून वायर काढली होती आणि वर शेड बसवून दिवा केला होता. "व्हिंटेज आहे," असं घरच्या बाई कौतुकानं म्हणाल्या. कुठली, कोणाकडची, असं विचारलं तर त्यांनी दुकानाचं नाव सांगितलं!

हे लिहिणं त्या दिव्याच्या विरोधात आहे. नातेवाइकांपैकी काही जणांना ते लागणार आहे हे मला ठाऊक आहे. कंधारचं आमचं माळवदाचं घर यंदा उतरवलं. सागवानी खांब आधीच गेले होते, आता फडताळातल्या बरण्या, सट आणि कपबश्या कोणी न्यायच्या याची चर्चा चालू आहे. दादाला दोन मोठ्या बरण्यांचे दिवे करायचेत. वहिनींना बश्या भिंतीवर टांगायच्यात. तेव्हा जे काही म्हणायचं ते आत्ताच म्हणावं, वाटणी झाल्यावर बोलून उपयोग नाही.

आधी गैरसमज नको. जुनी चिनी माती घरात मांडू नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. मलाही ती आवडते. त्या तपकिरी-पांढऱ्या बरणीचा घाट आजच्या कुठल्याही डब्याला येणार नाही. म्हणणं एवढंच आहे की जिची गोष्ट आपल्याला माहीत आहे ती वस्तू मांडा, तिची सगळी गोष्ट मांडा, आणि जमेल तोवर ती वापरा. गोष्ट पुसून नुसता रंग आणि आकार विकत घ्यायचा आणि त्याला "आपली संस्कृती" म्हणायचं, याला माझा विरोध आहे.

आता बरणीचंच घ्या. ती सुंदर दिसावी म्हणून कोणी घडवली नव्हती. लोणच्यात मीठ असतं, आंबट असतं, तेल असतं. पितळेत ते ठेवलं तर कळकतं. साध्या मातीच्या मडक्यात ठेवलं तर खार पाझरतो आणि तेल मुरतं. म्हणून जास्त आचेवर भाजलेलं, आतबाहेर झिलई असलेलं भांडं लागतं, ज्याला आंबट लागत नाही आणि ज्यातून थेंबही झिरपत नाही. अशा भांड्यांना झिलई देण्याची एक जुनी रीत तर गमतीची आहे. भट्टी साधारण बाराशे अंश सेल्सिअसच्या घरात गेली की तिच्यात चक्क मीठ टाकायचं. मिठाची वाफ होते, त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी एकजीव होतं आणि भांड्यावर काचेसारखा थर चढतो. म्हणजे ज्या भांड्यात जन्मभर मीठ राहायचं, त्याची कातडीही मिठाचीच!

आणि ही कल्पना काही कालची नाही. आपल्याकडे निजामाच्या मुलखात, विशेषतः मुसलमान घरांत, बरणीला मर्तबान म्हणायचे. तो शब्द ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून आला. तिथून मोठमोठी झिलईची भांडी सगळ्या हिंदी महासागरात जात. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता अशा मर्तबानांचा उल्लेख करतो, आणि त्यांत काय होतं? आलं, मिरी, लिंबू आणि आंबा, मिठात घातलेले. सातशे वर्षांपूर्वीसुद्धा लोकांना बरणीत काय घालायचं ते नीट ठाऊक होतं!

आमच्या घरातल्या बरण्या मात्र ब्रह्मदेशाच्या नाहीत. त्या बऱ्याचशा माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतून आल्या, असं आज्जी सांगायची. लोक जनावरं बघायला माळेगावला जातात, बायका भांड्यांच्या पालांवर रेंगाळतात. तिथे त्या सौराष्ट्रातून येत असाव्यात. थानगढ, वांकानेर, मोरबी या पट्ट्यात बरण्यांचे कारखाने होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात थानगढला हा धंदा उभा करणारा माणूस परशुराम गणपुले नावाचा मराठी गृहस्थ होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? दिवाणखान्यातल्या बरणीचं कौतुक करताना मी एकाच्याही तोंडून हे नाव ऐकलेलं नाही.

बरणीबरोबर येणारे शब्दही गेले. दादरा बांधणे म्हणजे काय ते आमच्या घरातल्या लहान मुलांना विचारून बघा. (बरणीच्या तोंडावर स्वच्छ धुतलेलं फडकं घट्ट बांधायचं, त्याला दादरा म्हणतात.) बरणी उन्हात तापवून घ्यायची, ओला हात लावायचा नाही, खार कमी पडला तर लिंबू पिळायचं... हे सगळं त्या भांड्याच्या पोटात होतं. गवत खोचलं की ते संपलं.

दुसरी गोष्ट "अँटिक" या शब्दाची. हा शब्द आता मिठासारखा वापरला जातो. आपल्या देशात पुरावस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे, तो १९७६ पासून लागू झाला. त्यानुसार किमान शंभर वर्षं जुनी वस्तूच पुरावस्तू ठरते (हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं). पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. आता दुकानदाराचं बोलणं या कायद्याशी ताडून बघा. बरणी खरोखर शंभर वर्षांची असेल तर त्यानं परवाना दाखवावा. परवाना नसेल तर एकतर वस्तू अँटिक नाही, नाहीतर विक्री कायदेशीर नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी तुम्ही हजारांत पैसे मोजून घरी आणलंत ते कोणाच्या तरी आज्जीचं पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं लोणच्याचं भांडं. आणि बोहारणीनं ते त्या आज्जीच्या सुनेकडून प्लास्टिकच्या टबाच्या बदल्यात नेलेलं असतं. ती सून आणि बरणी विकत घेणारी बाई पुष्कळदा एकाच घरातल्या असतात, हा त्यातला विनोद.

कपबश्यांचंही तेच. बशी उलटी करून बघायची सवय लावा. १८९१ पासून अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे बुडाला देशाचं नाव छापलेलं असेल तर वस्तू बहुधा त्यानंतरची. "ऑक्युपाइड जपान" असं असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची, अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानची, म्हणजे फार तर १९५२ पर्यंतची. आणि निळी-पांढरी, झुकलेल्या झाडाची, पुलाची आणि दोन पाखरांची बशी दाखवून कोणी प्राचीन चिनी प्रेमकथा सांगू लागलं तर हसून सोडून द्या. ती नक्षी अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या कारखानदारांनी बेतली आणि ती कथाही माल खपवायला तिथेच रचली गेली. गतकाळाची हुरहूर कारखान्यात तयार करून विकायचा धंदा सव्वादोनशे वर्षं जुना आहे. तोच काय तो खरा अँटिक!

कोणी म्हणेल, चिनी मातीनं घर सजवणं हेच मुळी आपलं नाही, परदेशी खूळ आहे. तसंही नाही. कंधारहून उदगीरमार्गे बिदर किती दूर? तिथे महमूद गवाननं १४७२ मध्ये बांधलेल्या मदरशाच्या दर्शनी भिंतीवर रंगीत झिलईच्या फरश्या होत्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग पडला, पण जे उरलं त्यावर निळा, हिरवा, पिवळा रंग आजही दिसतो. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. निळ्या-पांढऱ्या फरश्यांवरून त्याला ते नाव पडलं. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर शेवटचा कुतुबशहा, अबुल हसन तानाशहा, याला तिथेच कैदेत ठेवलं होतं. आता फरश्या अगदी थोड्या उरल्यात. त्या भिंतीवर आहेत म्हणून तो महाल आहे, तो राजा आहे, ती कैद आहे. उखडून कोणाच्या शोकेसमध्ये गेलेली फरशी म्हणजे नुसता निळा तुकडा.

हेच आमच्या कंधारच्या किल्ल्याचं. राष्ट्रकूटांपासून निजामापर्यंत किती राजवटी या खंदकाच्या पाण्यात तोंड बघून गेल्या. तिथे फिरायला जाणारे लोक झिलईचं खापर दिसलं की खिशात घालतात आणि घरी काचेच्या वाडग्यात ठेवतात. एवढ्याशा तुकड्यानं काय होतं? पुष्कळ होतं. खापर कोणत्या थरात, कशाशेजारी सापडलं यावरूनच तर अभ्यासक काळ ठरवतात. जागेवरून उचललं की ते मुकं होतं. याच्या उलट धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन या. रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी आयुष्यभर गावातून आणि शिवारातून मिळालेल्या वस्तू जमवल्या आणि आज त्यांच्या नावानं तिथे सरकारी संग्रहालय आहे. सातवाहनकाळातल्या केओलिनच्या, म्हणजे चिनी मातीतल्या त्याच पांढऱ्या मातीच्या, मूर्ती तिथे बघायला मिळतात. जमवणं हाही एक छंदच, पण तेरच्या वस्तू तेरला राहिल्या आणि "तेरच्या" म्हणून राहिल्या. मला फरक दाखवायचा आहे तो एवढाच.

आता अवघड भाग.

हल्ली चहाची दुकानंसुद्धा "जुन्या काळचं" रूप घेतात. भिंतीवर कंदील, फळीवर बरण्या, खुंट्यांना कपांची रांग. लोक फोटो काढतात आणि लिहितात, काय सुंदर दिवस होते! कोणाचे सुंदर दिवस होते, हे विचारायला हवं. कारण चिनी मातीची कपबशी ही आपल्याकडे कधीच साधी वस्तू नव्हती. १८९० साली पुण्यात गोपाळराव जोशींनी (डॉ. आनंदीबाईंचे पती) पंचहौद मिशनमध्ये शहरातली नामवंत मंडळी जमवली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. मग नावं वर्तमानपत्रात छापली गेली आणि ग्रामण्य उभं राहिलं. त्यात रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं झाली. एका कप चहासाठी!

मोठ्या माणसांची ही गोष्ट आपण मिटक्या मारत सांगतो. पण गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळा कप बाहेर ठेवलेला असायचा, ज्याचा त्यानं धुवायचा आणि परत ठेवायचा, ही गोष्ट त्या फोटोंमध्ये येत नाही. राज्यघटनेनं १९५० मध्ये अस्पृश्यता संपवली. १९५५ च्या कायद्यानं तर सार्वजनिक हॉटेलातली भांडी वापरू न देणं हा गुन्हा ठरवला. कायद्याला भांड्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, यावरूनच समजा. आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं ते कप गेले नाहीत.

आमच्या घरीही तो होता. गोठ्याच्या देवळीत कान तुटलेला कप आणि टवका उडालेली बशी उपडी घातलेली असायची. आमच्या सालगड्याची. १९८० च्या आसपास मी हे रोज पाहिलेलं आहे. ते अंगणाच्या कडेला बसायचे, आज्जी उंचावरून चहा ओतायची, ते पिऊन झाल्यावर कप रांजणाच्या पाण्यानं धुऊन पुन्हा देवळीत ठेवायचे. ज्या आज्जीच्या हातच्या लोणच्याचं आपण सगळे अजून नाव काढतो, तीच ही आज्जी. आणि त्याच आज्जीला महिन्यातले चार दिवस स्वतःच्या बरणीला हात लावायची मुभा नव्हती, सावली पडली तर लोणचं नासतं म्हणून. एकाच फडताळातल्या या तीन गोष्टी आहेत. त्यांतली फक्त लोणच्याची गोष्ट उचलायची आणि बाकीच्या दोन मातीत घालायच्या, याला आठवण जपणं म्हणत नाहीत.

काका हे वाचतील आणि म्हणतील, घरातलं बाहेर कशाला? काका, बाहेर ते सगळ्यांना माहीतच आहे. ज्यांनी त्या कपातून चहा प्यायला त्यांच्या घरी तर केव्हापासून माहीत आहे. माहीत नाही ते आपल्याच मुलांना.

दुसरं म्हणणंही मला ऐकू येतंय. "अगं, दुकानदारांनी नेलं म्हणून निदान वाचलं. नाहीतर फुटलंच असतं." यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको. दगडमातीच्या भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. तिथे भांड्यांचा हिशेब कोण ठेवणार? पण त्यानंतर आपल्या सगळ्या पट्ट्यात माळवदाच्या घराची भीती बसली, ती योग्यच होती, आणि हळूहळू घरं उतरली. खांब, दरवाजे, उतरंडी, बरण्या, सगळं एकदम निघालं आणि ट्रक भरभरून गेलं. त्यातलं काही शहरात वाचलं हे खरं. पण कुठल्या गावचं, कोणाच्या घरचं, हे कोणी लिहून घेतलं का? वस्तू वाचली आणि गाव गेलं. ज्यांची घरं पडली नव्हती, ज्यांना घाई नव्हती, त्यांना तर हेही निमित्त नाही. आपल्याला तर नाहीच.

तिसरं म्हणणं तरुण मंडळींचं. "एवढं गंभीर काय त्यात? छान दिसतं म्हणून ठेवतो." छान दिसतं म्हणून नवी घ्या की! आजही खुर्जाला, गुजरातेत उत्तम चिनी मातीची भांडी होतात. ज्यानं घडवली त्याच्या हाताला पैसे मिळतील आणि घरही सजेल. जुन्याचा हट्ट धरायचा असेल तर मग जुन्याचं ओझंही उचलायला हवं.

म्हणून वाटणीच्या आधी माझं मागणं मांडते.

बरण्यांना भोकं पाडायची नाहीत. एकदा भोक पडलं की ती बरणी कायमची गेली. ज्या धड आहेत, ज्यांच्या आत झिलईला तडा नाही, त्यांत यंदाच्या उन्हाळ्यात लोणचं घालायचं. एकीला जमत नसेल तर मीठ ठेवा, चिंच ठेवा, पण काहीतरी ठेवा. ज्या तडकल्या आहेत त्या खुशाल मांडा. जुन्या रंगीत कपबश्या मात्र रोजच्या चहाला काढू नका, विशेषतः नक्षी झिजली असेल तर. जुन्या रंगांत आणि झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थांत ते उतरतं. त्या भिंतीवरच बऱ्या. वहिनी, तुमच्या बश्या मंजूर!

प्रत्येक भांड्याच्या बुडाला एक कागद चिकटवायचा. कोणी आणलं, कुठून, अंदाजे कधी, त्यात काय असायचं. अत्या अजून आहे, तिला सगळं आठवतं. तिच्याजवळ एक दुपार बसलं तर निम्मे कागद भरतील. या कामाला आणखी पाच वर्षं थांबून चालणार नाही, हे मी स्पष्ट लिहीत नाही, पण सगळ्यांना कळतं.

आणि तो कप. घर उतरवताना देवळीत तो तसाच सापडला, बशीसकट. "फुटका आहे, टाकून द्या" असं कोणीतरी म्हणालं. तो मी नांदेडला आणला आहे आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे. तो फळीवर मांडायचा का, त्याखाली काय लिहायचं, हे मी ठरवणार नाही, दादानंही ठरवायचं नाही. ज्यांचा तो होता ते आता नाहीत, पण त्यांची मुलं-नातवंडं कंधारलाच आहेत. पुढच्या महिन्यात मी जाऊन त्यांना विचारणार आहे. मांडा म्हणाले तर सगळ्यात वरच्या फळीवर, त्यांच्या नावासकट. आम्हाला द्या म्हणाले तर त्यांना. फोडून टाका म्हणाले तर त्यांच्या अंगणात, त्यांच्या हातानं.

माझ्याबरोबर कोण येतंय ते सांगा. काका, तुम्ही आलात तर बरं होईल.